तांब्याचा सांधा

छायाने गॅसच्या टॉर्चची ज्योत बारीक केली आणि फ्रीजमागच्या तांब्याच्या नळीवर धरली. तिचा दीर किरण दारात उभा राहून बोलतच होता. घरची सून रस्त्याकडे तोंड करून आगीशी खेळत बसते, अख्खं कशेळं गाव हसतंय, असं त्याचं म्हणणं. दुकानातलं सामान उचलायला तो टेंपो घेऊनच आला होता.

फ्रीजदुरुस्तीचं हे दुकान छायाच्या नवऱ्याचं, संतोषचं. मुरबाड रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची पकड गेली, तेव्हापासून तो इकडे फिरकेनासा झाला. त्याच्या शेजारी बसून छायाने पुष्कळ सांधे जोडले होते. तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. ती एकटी बसू लागली तशी गिऱ्हाइकं फ्रीज थेट कर्जतला नेऊ लागली. बऱ्याच दिवसांनी आलेला हा फ्रीज लडकूच्या डेअरीतला, आणि किरण त्यालाही कर्जतलाच जा म्हणून समजावत होता. लडकू घुटमळत उभा होता.

नळी लाल झाली. छायाने डाखाची कांडी टेकवली. धातू वितळून सांध्याभोवती फिरला. गार झाल्यावर तिने नळीत हवा भरली, गळती बघायला साबणाचा फेस लावला. सगळे वाकले. खालच्या अंगाला एक बुडबुडा फुगला.

“बघितलंस?” किरण लडकूला म्हणाला.

छायाने हवा सोडली, सांधा पुसला आणि टॉर्च पुन्हा पेटवला. या वेळी तिने कोपर गुडघ्यावर दाबून धरलं.

तेवढ्यात किरणची आई, विमलबाई आली. त्यानेच निरोप धाडून बोलावलं होतं, सुनेला उठवून घरी न्यायला. विमलबाई ज्योतीपासून हातभर अंतरावर, जमिनीवरच बसली. दुसऱ्यांदा फेस लावला तेव्हा तिनेही मान वाकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फेस होता तसाच राहिला.

“आई, सांग ना तिला,” किरण म्हणाला.

“टेंपो रिकामाच हाय ना तुजा?” विमलबाईने विचारलं. “माज्या भावाचा फ्रीज बंद पडलाय. जा, घेऊन ये.”

किरणने लडकूकडे पाहिलं. लडकू खाली बघून फ्रीजचं दार पुसत होता.

छायाने टॉर्च बंद केला.

“भावजी,” ती म्हणाली, “फ्रीज उभाच आणा. आडवा नका टाकू.”