रांगेतली बादली

अभिजीत सरांनी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आता इतवारीमागच्या शाळेत ते दहावीतल्या नऊ पोरांना दर शनिवारी न्याय म्हणजे काय ते शिकवत, तर शिक्षकांच्या खोलीतही तोच हात त्याच कपाळाला जाई. नऊही जण शाळा सोडण्याच्या बेतात असलेले. त्यांना पुस्तक नव्हतं. आठवड्याला एक प्रश्न, तो मोहल्ल्यातल्या तीन माणसांना विचारायचा आणि उत्तरं घेऊन यायचं, बस. पहिल्या शनिवारी त्या नवांतल्या चंदनने पानठेल्यावर "न्याय कुठं असते?" असं विचारलं, तर ठेलेवाल्याने त्याला कोर्टाचा रस्ता दाखवला.

यावेळचा प्रश्न मात्र रोशनीमुळे निघाला. रोशनी वर्गातली सगळ्यात भांडखोर आणि सगळ्यात हुशार पोरगी. सरांचा तिच्यावर फार जीव. तिची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात रात्रपाळीला असते, आठला घरी येते. गल्लीतला नळ साडेसहाला येतो, सव्वासातला जातो. शाळेचं फाटक सातला बंद. पाणी भरून रोशनी धावत येईपर्यंत कुलूप लागलेलं आणि वहीत गैरहजेरीही लागलेली. असं करता करता हजेरी इतकी काठावर आली की आणखी एक दिवस बुडाला असता तर बोर्डाचा फॉर्मच भरता आला नसता.

सर मुख्याध्यापक मधुकररावांकडे गेले आणि समता कशाला म्हणतात यावर चांगलं अर्धा तास बोलले. मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, फाटक सगळ्यांसाठी सातलाच बंद होतं. ही समताच नव्हे का?"

सर चेहरा पाडून बाहेर आले. एम.ए. काही कामी आलं नव्हतं.

शनिवारी नळाला पाणी नसतं, म्हणून त्या दिवशी रोशनी वेळेवर होती. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'सगळ्यांना एकच नियम लावला, म्हणजे न्याय झाला का?' नऊच्या नऊ पोरं रोशनीच्या गल्लीत पळाली. तासाभराने परतली ती तुळजाबाईंना घेऊनच. वीस वर्षांपासून नळावरच्या रांगेचा कारभार या बाईंकडे, आणि त्यांच्या निवाड्यावर अपील नाही. हातात लाल बादली. मागे नात मेघा, जिची शाळा मागच्या वर्षी नववीतच सुटली होती. वरात थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली.

"हेडमास्तर तुम्हीच ना जी?" तुळजाबाईंनी बादली टेबलावर ठेवली. "आमच्या नळावर बी नियम हाय. रांगेत ज्याची बादली, त्याचा नंबर. माणूस उभा असो का नसो."

"तसंच सर, रोशनीचं दप्तर मी सातच्या आत आणून प्रार्थनेच्या रांगेत ठेवतो," चंदन म्हणाला. "दप्तर रांगेत, म्हणजे रोशनी हजर!"

अभिजीत सरांना इतका आनंद झाला की टाळी वाजवायचेच बाकी राहिले.

मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. "बरं. नळ आला आणि बादलीवालीच नसली, तर बादली भरतं कोण?"

"बाजूची भरून देते. म्हातारी असन, बिमार असन, बाळंतीण असन, तिले कोणी ताटकळत ठेवत नाई. रीतच हाय आमची."

"मग रोशनीची का नाही भरत?" मधुकररावांनी विचारलं.

हा प्रश्न आपल्याला सुचायला हवा होता, असं वाटून सरांचे कान तापले. तुळजाबाईंनी मेघाकडे पाहिलं.

"पोट्टी धडधाकट दिसते ना जी," त्या हळू म्हणाल्या. "शाळेत जाणं बी कामच हाय, हे कोणी ध्यानातच नाई घेतलं. मीच नाई घेतलं."

"आजीनं कबूल केलं," रोशनी मधुकररावांकडे वळून फटकन म्हणाली. "पण सर, मले उशीर काहून होते, हे तुम्ही तरी कुठं विचारलं?"

आता पोरीचं काही खरं नाही, असं अभिजीत सरांना वाटलं. पण मधुकरराव तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले.

"नाही विचारलं, ही माझी चूक. सोमवारपासून फाटक सात-दहाला बंद. पण बादली रांगेत ठेवून तू यायचं सातच्या आत, समजलं?"

सोमवारी सर पावणेसातपासूनच फाटकाशी उभे. पोरीच्या परीक्षेला आलेल्या बापाची व्हावी तशी त्यांची गत झाली होती. सहा पन्नास झाले. सहा त्रेपन्न. मधुकररावही किल्ली घेऊन बाहेर आले. फाटकाचा एकच पल्ला उघडा होता.

सात वाजायला पाच मिनिटं असताना कोपऱ्यावरून रोशनी वळली आणि सरांच्या जिवात जीव आला. ती एकटी नव्हती. तिने हाताला धरून मेघाला ओढत आणलं होतं. मेघाच्या अंगात मागच्या वर्षीचा गणवेश, बाह्या दोन बोटं आखूड.

"सर, हिची बी बादली रांगेत हाय," रोशनी धापा टाकत म्हणाली. "दोन्ही बादल्या आजी भरून राहिली."

मेघा फाटकाबाहेरच थांबली. "माझं नाव तर कटलं ना, सर?"

मधुकररावांनी घड्याळ पाहिलं. "फाटक बंद व्हायला पंधरा मिनिटं आहेत अजून, तेवढ्यात परत लिहून होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी फाटकाचा दुसरा पल्लाही उघडला.