विल्फचा निरोप, विल्फच्या समोर

पब पाडायचं ठरलं तेव्हा विल्फ ॲशवर्थ बारला टेकून मला म्हणाला, "हिल्डा, माझी पंचाईत झाली की गं. आता मी मेल्यावर तुम्ही सगळे जाणार कुठं?"

"आपापल्या घरी," मी म्हटलं. "सुटलो एकदाचे म्हणत."

तो हसला, पण त्याला खरंच घोर लागला होता. आमच्या गल्लीत माणसाला पोचवून आले की सगळे माझ्या पबमध्ये, 'वीव्हर्स'मध्ये यायचे. मी हॅमचे सँडविच, पोर्कचा खिमा भरलेल्या पेस्ट्र्या आणि मुरवलेलं बीट मांडायची. दोन-दोन ग्लास पोटात गेले की एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलायचा. विल्फच्या बापाला असाच निरोप दिला होता, विल्फची बायको एडना गेली तेव्हाही. आता त्याच्या स्वतःच्या छातीत आयुष्यभराची गिरणीची धूळ साचली होती आणि पुढचा नाताळ दिसायचा नाही असं डॉक्टरने सांगून टाकलं होतं. पब मात्र मार्चअखेरीलाच बंद होणार होता.

लोक मला मालकीण म्हणायचे, पण मालक लंडनची कंपनी. दरवर्षी भाडं वाढवायची, आणि बिअर मला तिच्याकडूनच घ्यावी लागायची, तीही बाहेरच्यापेक्षा महाग. गिरणी बंद पडली तेव्हा दुपारचं गिऱ्हाईक गेलं. बिडीकाडी बाहेर ओढायचा कायदा आला तेव्हा म्हातारे घरी बसले. उरलेले सुपरमार्केटातून बिअरचे डबे नेऊन टीव्हीसमोर पिऊ लागले, आणि पब बंद होणार कळल्यावर हेच लोक माझ्या गळ्यात पडून रडले! एका जोडप्याला पब चालवायला हवा होता. कंपनीने दिला नाही. दोन गल्ल्या सोडून कंपनीचाच दुसरा पब आहे ना, त्याचं गिऱ्हाईक तुटलं असतं. मोकळ्या जागेवर फ्लॅट उभे राहणार होते. माझं अजून डोकं फिरतं.

"मग शेवटच्या रविवारी माझा निरोप उरकून टाकू," विल्फ म्हणाला. "मी असतानाच. एडनाबद्दल लोक काय काय बोलले गं! तिला बिचारीला एक अक्षर ऐकू आलं नाही. मला ऐकायचंय."

त्या रविवारी दुपारी पब गच्च भरला. विल्फ काळा कोट घालून खिडकीखाली बसला होता, केस पाणी लावून चापून बसवलेले. मी सगळं रीतसर मांडलं आणि म्हटलं, "करा सुरुवात."

त्याचा जुना दोस्त नॉर्मन उठला. "विल्फ माझ्याशी जन्मभर डॉमिनो खेळला. मी जिंकावं म्हणूनच देवाने त्याला जन्माला घातला होता."

हशा पिकला. मग चिप्सच्या दुकानातली ब्रेंडा म्हणाली, "माझ्या चिप्सना ह्याने रोज नावं ठेवली आणि रोज चाटूनपुसून खाल्ल्या." कोणी त्याच्या चिकटपणावर बोललं, कोणी गाण्यावर. लग्नानंतर तरी हा गायचा थांबेल म्हणून एडनाने होकार दिला, म्हणे.

"अरे, मी मेलोय ना?" विल्फ म्हणाला. "मेलेल्याबद्दल असं बोलतात?"

"मग नीट मर की," नॉर्मन म्हणाला. "डोळे मीट आधी."

विल्फने खरंच डोळे मिटले. नॉर्मन पुन्हा उभा राहिला, त्याने तोंड उघडलं, तो कानापर्यंत लाल झाला आणि मटकन खाली बसला. "नाही जमत. श्वास घेतोय तो."

पुन्हा हसणं उसळलं. आमच्याकडे जिवंत माणसाचं तोंडावर कौतुक केलं तर आपण काहीतरी मागायला आलोय असं त्याला वाटतं. विल्फही हसला, पण डोळे मात्र त्याने बराच वेळ मिटलेलेच ठेवले. तो अजून वाट बघतोय हे मला दिसत होतं. बोलायचं माझ्याही ओठावर होतं. मी त्याचा ग्लास भरला आणि खरकटी ताटं उचलायला लागले.

त्याच आठवड्यात पब पाडायचं मशीन आलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं सपाट.

विल्फ सप्टेंबरात गेला. दहनानंतर आम्ही बाहेर गाड्यांपाशी उभे राहिलो. कुठं जायचं हे कोणालाच सुचेना; कंपनीच्या त्या दुसऱ्या पबात कोणाला पाय ठेवायचा नव्हता. ब्रेंडा म्हणाली, "चला मग." तेवढ्यात पुढच्या कुटुंबाची शवगाडी आली आणि तिथल्या माणसाने आम्हाला गाड्या हलवायला सांगितल्या. लोक पांगले.

नॉर्मनला मी माझ्या गाडीतून सोडलं. त्याच्या दाराशी थांबलो तरी तो उतरेना.

"मी क्षयाने इस्पितळात होतो ना, त्या हिवाळ्यात," तो समोर बघत म्हणाला, "विल्फ रोज कामावर जायच्या आधी माझ्या घरी जायचा. शेगडी पेटवायचा, पोरं उठायच्या आत घर उबदार करायचा. कोणाला बोलला नाही कधी. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हिल्डा."

मग तो बोलतच राहिला. मी गाडी बंद केली आणि सगळं ऐकून घेतलं, विल्फच्या वाट्याचं.