आरतीचा मान कोणाचा

सॉफ्टवेअरवर पेटंट घेणं म्हणजे पाढ्यांवर मालकी सांगणं, असं यज्ञेशचं ठाम मत होतं. ऑफिसने त्याच्या एका प्रोग्रॅमसाठी पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा त्याने तत्त्व म्हणून नकार दिला आणि ही गोष्ट शिरगावातल्या अख्ख्या सोसायटीला निदान दोनदा ऐकवली. "लॉजिक काय कोणाच्या बापाचं असतं?"

गणपतीत त्याने सोसायटीसाठी छोटं ॲप केलं. रोज आरतीचा मान कोणत्या घराला, ते ॲप ठरवायचं. ज्या घरी पाहुणे उतरलेत, त्या घराचा नंबर आपोआप वर यायचा. दरवर्षीची रुसवाफुगवी मिटली आणि यज्ञेशची कॉलर ताठ झाली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या सोहमने तस्संच ॲप लिहून तिकडे चालू केलं, शिवाय खाली स्वतःचं नाव टाकलं. तो दाखवायला आला तेव्हा यज्ञेश चहा ठेवून उठलाच.

"ही सरळ चोरी आहे. पाहुण्यांची आयडिया माझी होती."

"कोड मी लिहिलाय," सोहम म्हणाला. "आणि लॉजिक काय कोणाच्या बापाचं असतं?"

"बापाचं नसतंच," असं म्हणत यज्ञेशची आई, उमाताई, आतून एक जुनी वही घेऊन आल्या. पूर्वी विठ्ठलवाडीच्या चाळीत राहताना आरतीच्या पाळ्या उमाताईच लावायच्या. पानापानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: पाहुणे आले, नंबर वर.

"मग आता नाव कोणाचं टाकायचं?" उमाताईंनी विचारलं.

यज्ञेशने चहा उचलला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत तो पुन्हा पेटंटच्या कडक विरोधात गेला होता.