चार डोकी

बत्तीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं फाडली. माणसानं पायरीवर पाय ठेवला की मला कळतं, हा तिकीट काढणार की खिडकीबाहेर बघत बसणार. त्यामुळे टेलरबाईचं काहीतरी काळंबेरं चाललंय, हे परदेशात उतरल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. पुरावा तेवढा हाती लागत नव्हता.

आम्ही चौघी. मी, शेजारच्या जिन्यातली टेलरबाई, वरच्या मजल्यावरची रिटायर्ड नर्सबाई आणि माझी धाकटी बहीण. धाकटीचा नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, ती माझ्याकडेच असते. ट्रिप ठरली ती माझ्या पुढाकारानं. ट्रॅव्हलवाल्यानं हमीचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, मागच्या ग्रुपमधली एक बाई तिकडेच राहिली, परत आलीच नाही. ग्रुप नेणाऱ्या बाईला सहा महिने चौकशीला बोलावत होते. चौघी जाताय, चौघी या." मी सही ठोकली. टेलरबाईचा मुलगाही पाया पडून म्हणाला होता, "मावशी, आईला तुमच्या भरवशावर पाठवतोय." मी म्हटलं, अरे बाबा, बत्तीस वर्षांत एक प्रवासी विसरले नाही मी, तुझी आई काय विसरणार!

आणि ही बया पहिल्याच दिवशी दुकानात शिरून एक करडा कोट घेऊन आली. तिच्या एका दंडाला जेमतेम बसेल एवढा. "सूनबाईला," म्हणाली. सून हिच्यापेक्षा जाडी! तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर ही हातवारे करून सात नंबरची बस कुठे जाते ते विचारत होती. बाथरूममध्ये तासतासभर दार लावून बसायची आणि आतून कात्रीचा आवाज यायचा. नर्सबाईला म्हटलं, तर ती म्हणाली, "नखं कापत असेल." तासभर? किती नखं आहेत तिला?

तर शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. पाऊस असा, की आभाळ फाटलंय म्हणावं. शहर दाखवणारी दुमजली बस होती, हवं तिथे उतरा, पुढच्या गाडीत चढा. चढताना मी मोजलं, मला धरून चार डोकी. मी टेलरबाईच्या मागच्या सीटवर बसले, म्हणजे मान दिसत राहते. कानात घालायच्या यंत्रातून कुठल्या राजानं कुठला मनोरा बांधला ते सांगत होते. मी काही ऐकलं नाही. काचेवरून पाणी ओघळत होतं, मनोरा तर दिसतच नव्हता.

"ताई, शाल घे," धाकटी म्हणाली. चारही पासपोर्ट मी तिच्या पिशवीत ठेवले होते. स्वतःजवळ ठेवले तर मी दर दहा मिनिटांनी चाचपत बसणार, आणि धाकटीवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. विमानतळावर तिला शिक्का मारायला वेगळ्या खिडकीवर बोलावलं, तेव्हासुद्धा मी शिपायाला सांगितलं, तिचं इंग्रजी कच्चं आहे, जरा सांभाळून घ्या.

पहिला थांबा संग्रहालय. ओल्या छत्र्या दारात ठेवायच्या, नंबर घ्यायचा. मी जुन्या नाण्यांपुढे दोन मिनिटं थांबले असेन, मागे वळून बघते तर दोनच डोकी. नर्सबाई आणि मी. धावत कोट टांगायच्या खोलीत गेले. तिथे टेलरबाई धाकटीच्या हाताला टेप लावून उभी.

"हे काय चाललंय?"

"ब्लाउजचं माप घेतेय," टेलरबाई म्हणाली.

"मनगटापर्यंत?"

"फॅशन आहे आता."

धाकटी खाली बघत राहिली. मी मनात म्हटलं, बघा, ताकाला जाऊन भांडं लपवतेय. पकडली गेली म्हणून माझ्या गरीब बहिणीला पुढे केलं. धाकटीला हाताला धरून बाहेर आणलं आणि बजावलं, "तिच्या नादी लागू नकोस." ती "बरं" म्हणाली. धाकटी नेहमी बरंच म्हणते.

मग बाजार झाला, काचेच्या छपराचा. नर्सबाईनं फ्रिजवर चिकटवायची खेळणी घेतली, मी नातवाला टोपी घेतली. टेलरबाईनं? काही नाही. परत जाणारा माणूस रिकाम्या हातानं जातो का? माझी खात्रीच पटली. हिच्या दुकानाला टाळं लागलंय, सुनेशी पटत नाही. ही इथे कुठेतरी शिवणकाम धरणार आणि मी तिकडे खुर्चीवर बसून साहेबांना उत्तरं देणार.

पुलावर मी तिला गाठलं. वाऱ्यानं माझी छत्री उलटी झाली होती. धाकटीनं तिची माझ्या डोक्यावर धरली होती, नेहमीसारखी, तिचा स्वतःचा अर्धा खांदा भिजत होता. मी तिला म्हटलं, तू जरा पुढे हो. मग टेलरबाईला सरळच विचारलं.

"खरं सांग. तू परत येणार नाहीयेस ना?"

ती आधी हसली. मग माझ्याकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले. "अगं कंडक्टर, मी कुठे जाणार? माझ्या मशीनला तेल कोण घालणार?"

"मग रडतेस का?"

"पाऊस आहे," ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं! मी तिचा दंड धरला तो सोडलाच नाही. नर्सबाई आणि धाकटी पुढे काहीतरी कुजबुजत होत्या, मी जवळ गेल्यावर गप्प झाल्या. त्याकडेही मी दुर्लक्ष केलं. एका वेळी एकच चोर धरता येतो.

साडेपाचला हॉटेलकडे जाणारी शेवटची गाडी. टेलरबाईला खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला बसले, म्हणजे निसटायला वावच नाही. नर्सबाई मागे. गाडी सुटायच्या आधी मोजायचं, ही बत्तीस वर्षांची सवय. एक. दोन. मला धरून तीन.

पुन्हा मोजलं. तीन.

"धाकटी कुठंय?"

टेलरबाईनं माझा हात घट्ट धरला. आता तीच मला धरून बसली होती! तो झटकून मी दाराशी गेले. खाली स्टॉपच्या छपराखाली धाकटी उभी. अंगात तो करडा कोट, खांद्यापासून मनगटापर्यंत बेतून शिवल्यासारखा. तिच्या मागे फलकावर सातचा आकडा.

"अगं, चढ ना!"

ती पायरीपर्यंत आली आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. तीन पासपोर्ट. त्यावर माझ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा, जो चौदा वर्षं तिच्या कमरेला होता.

"ताई, इथल्या वृद्धाश्रमात मला काम मिळालंय. नर्सबाईंच्या ओळखीनं. उद्यापासून. बॅग सकाळीच गेली. कोट टेलरबाईंनी माझ्या मापाचा करून दिला, बाह्यांचे शेवटचे टाके आज बाजारात घातले, इथली थंडी बाधेल म्हणून."

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद पुढे धरला. नियुक्तीचं पत्र. त्याला जोडलेल्या दाखल्यावर नर्सबाईची सही. कामाचा अनुभव या रकान्यात लिहिलं होतं, नऊ वर्षं.

नऊ वर्षं माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं, कूस बदलणं, पुसणं, रात्री उठणं, सगळं धाकटीनं केलं. मी ड्युटीवर असायचे. घरी आले की जेवायचे आणि ताटावर चमच्यानं दोनदा वाजवायचे. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरात दोन म्हणजे ताटं उचला. कोणी विचारलं की मी सांगायचे, बहीण काही करत नाही, घरीच असते.

आणि तोंडातून माझ्या पहिलं वाक्य काय निघावं? "अगं, सही माझी आहे!" अजून लाज वाटते मला त्याची.

"तुझ्या सहीला काही होत नाही," ती म्हणाली. "माझ्या पासपोर्टवरचा शिक्का कामाच्या व्हिसाचा आहे, आपल्याकडूनच मारून आणलाय. ट्रॅव्हलवाल्याला नर्सबाईंनी कागद दाखवलेत. चार महिने मी हे जमवत होते."

"चार महिने! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

नसतं सोडलं. रडले असते, ताप काढला असता, तुझं डोकं फिरलंय म्हणाले असते, आणि ती बरं म्हणून राहिली असती. पाळत ठेवली ती टेलरबाईवर, आणि जिच्याकडे चौदा वर्षं नीट बघितलं नाही ती माझ्याच डोक्यावर छत्री धरून होती.

"आजारी पडलीस तर?" मी विचारलं.

"तिथे सगळे आजारीच आहेत, ताई. मला सवय आहे."

ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. ती नजर मला कुठल्याही देशात कळेल. बाई, चढा नाहीतर उतरा. मला एकदम वाटलं, उतरावं, तिचा दंड धरावा आणि ओढत वर आणावं. माझ्यात तेवढी ताकद अजून आहे. धाकटी तशीच उभी होती, पळून जात नव्हती. वाट बघत होती.

दाराशी लोखंडी दांडा होता. हातातला किल्ल्यांचा जुडगा मी त्यावर आपटला. एकदा. धाकटीचा चेहरा पडला. मग दुसऱ्यांदा आपटला, जोरात.

ड्रायव्हरला काय कळलं देव जाणे, पण दार मिटलं. गाडी हलली. काचेतून दिसलं, धाकटीनं छत्री उघडली आणि पूर्ण स्वतःच्या डोक्यावर धरली.