दोघांचा खेळ

तेजस्वीनं तिसऱ्यांदा तो टॅग काढून टाकला. चहाचा कप धुऊन येते तो पुन्हा तिथंच: 'दोघांचा खेळ'.

कॉम्प्युटरवरचा हा गुऱ्हाळाचा खेळ तिनं दोन वर्षं खपून केला होता आणि तो एकट्यानंच खेळायचा होता. खेळणारा गुळव्या. त्यानं काहिलीतला रस ढवळायचा, मळी काढायची, पाक जमला की उतरवायचा. काहिलीखालच्या खड्ड्यात, चुलवाणात, जाळ आपोआप पेटता राही. पण ऑनलाइन दुकानात खेळ कुठल्या प्रकारचा, हे टॅग लावून गिऱ्हाइकंच ठरवतात. लोक जोडीनं खेळायला म्हणून घेत आणि चिडून परत करत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. असंच चाललं तर खेळ बंदच करावा लागणार होता.

शेवटपर्यंत खेळलेल्या एकानं मात्र अभिप्रायात लिहिलं होतं, 'खाली जाळ घालणारा भिडू गुणी आहे. सांगू तसं ऐकतो.'

तेजस्वीनं ते दोनदा वाचलं. चुलवाणात तिनं माणूस काढलाच नव्हता.

दुपारीच ती लॅपटॉप घेऊन उचगावला वडिलांकडं गेली. गणपतरावांचा गूळ म्हटला की कोल्हापूरच्या शाहूपुरीतले अडते डोळे झाकून सौदा करीत. खेळातली बारीकसारीक माहिती त्यांचीच. फक्त जाळाचं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "त्यो आपला चालतूय."

माऊस हाती येताच म्हातारा खुलला. रस उकळून वर आला तसं त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"जाळ कमी कर रं."

जाळ कमी झाला.

ऐकून जाळ बदलायची सोय खेळात नव्हतीच. गणपतरावांचा हात थांबला.

"पिराजी," ते पुटपुटले.

"कोण पिराजी, आप्पा?"

"चुलवाणात जाळ घालायला असायचा. एकोणीस वर्सं." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "चक्कर येतीया, वर येऊ का म्हणला. पाक आलता. म्हणलो, दम धर जरा. त्यो वर आलाच न्हाई."

तेजस्वीनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"त्या दिवसाचा गूळ एक नंबर उतारला," ते म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

पडद्यावर पाक जमत आला होता. खालचा जाळ मंद, कुणी ऐकत उभं असावं तसा.

"आप्पा, जाळ वाढवाय सांगा की. पाक बिघडंल."

माऊस बाजूला ठेवून ते पडद्याजवळ वाकले.

"पिराजी, वर ये आता."

जाळ विझला.

"बिघडू दे," गणपतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी तेजस्वीनं दुकानाचं पान उघडलं. टॅग गेला होता. तिनं तो स्वतःच्या हातानं पुन्हा लावला आणि चुलवाणात माणूस काढायला बसली. आधी तिनं वर यायच्या पायऱ्या काढल्या.