शाळेच्या दाराशी मांडलेली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कोणी उलटे केलेले आवडत नाही. बसणारा माणूस आपला भार माझ्यावर सोडतो. उलटे करणारा मात्र खाली काहीतरी शोधत असतो. मला आजवर पाचदा उलटे केले आहे.

माझा जन्म १९०९ सालचा. यॉर्कशायरमध्ये, हॉलिनशॉ नावाच्या गिरण्यांच्या गावात, एका सुताराने लिबरल पक्षाच्या क्लबासाठी चाळीस खुर्च्या केल्या. त्यांतली मी एक. सुतार स्वतः लिबरल होता, म्हणून त्याने पॉलिशचा एक हात जादा दिला. सभा असली की आम्ही चाळीसही जणी भरून जात असू आणि उरलेली माणसे भिंतीला टेकून उभी राहत.

मग पहिल्या महायुद्धात पक्षाच्या दोन पुढाऱ्यांचे बिनसले. लंडनमध्ये पक्ष फुटला आणि हॉलिनशॉमध्ये खुर्च्यांची वाटणी झाली. वीस इकडे, वीस तिकडे. पलीकडच्यांनी पळवू नये म्हणून मला पहिल्यांदा उलटे करून बसायच्या पट्टीखाली पिवळा ठिपका दिला. पुढे दोन्ही गट एक झाले, पण आत येताना प्रत्येकाने आपापले ठिपके मोजून घेतले. १९३१ साली पुन्हा फूट पडली, तेव्हा मला दुसऱ्यांदा उलटे करून त्या ठिपक्यावर चाकूने चीर मारली. १९५० नंतर क्लबात आम्ही अकरा खुर्च्या उरलो आणि बसायला सात माणसे. पक्षाचे सगळे खासदार एका टॅक्सीत मावतील, असे लोक हसून म्हणत. ती सात माणसेही एकमेकांकडे अशी पाहत, की आता पुढचा जाणारा कोण?

त्यांतला एक अॅम्ब्रोज सग्डन. गिरणीत तो लोकर निवडत असे. नुसत्या बोटांनी चाचपून लोकरीची प्रत सांगायचा. दर निवडणुकीला तो मला काखोटीला मारून प्राथमिक शाळेच्या दाराशी मांडायचा. मत देऊन बाहेर येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारायचा आणि आमच्या पिवळ्या कागदावर टिपायचा, एवढेच त्याचे काम. ते कागद दर तासाला पक्षाच्या कचेरीत जात. तिथे आपल्या समर्थकांच्या यादीतून ती नावे खोडत आणि उरलेल्यांना मतदानाला आणायला त्यांची दारे ठोठावत.

शेजारी हुजूर पक्षाच्या लव्हिनिया होल्रॉइड बसायच्या. छातीवर पक्षाच्या रंगाचे निळे कापडी फूल आणि हातात निळे कागद.

"काय म्हातारबुवा, यंदा कितीने पडणार?" त्या विचारायच्या.

"तुमच्या नवऱ्याचं मत धरलं तर एकाने कमीच, बाई," अॅम्ब्रोज म्हणायचा.

मला त्या दोघांचा संशय यायचा. तो त्यांच्याकडे झुकून काहीतरी पुटपुटे, आणि माझी डावी पट्टी करकरे. शत्रूशी इतके हळू काय बोलायचे असते?

१९८८ साली आमचा पक्ष दुसऱ्या एका पक्षात मिसळला. मजूर पक्षातून फुटलेल्या लोकांचा तो पक्ष होता. त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ज्युलियन प्रेंटिस नावाचा तरुण चिटणीस आला. त्याने सामानाची यादी करताना मला उलटे केले.

"हा ठिपका कसला? कुणाची खूण आहे ही?"

"आमचीच," अॅम्ब्रोज म्हणाला.

"आमची म्हणजे कुणाची?"

दोन महिन्यांनी, मे महिन्यात, नगरपालिकेची निवडणूक झाली आणि आम्ही नऊ मतांनी हरलो. त्या दुपारी प्रेंटिसने शाळेसमोरून जाताना एक गोष्ट पाहिली होती. होल्रॉइडबाई जागेवर नव्हत्या आणि अॅम्ब्रोज निळ्या कागदावर आकडे लिहीत होता.

सभेत प्रेंटिसने सरळ विचारले, "सग्डनसाहेब, तुम्ही त्यांचं काम केलंत की नाही?"

"केलं. दर वेळी करतो."

"आणि त्या तुमचं करतात?"

अॅम्ब्रोज माझ्यावर खाली बसला आणि टोपी मांडीवर फिरवत राहिला. मी समजले, चोरी सापडली. बावन्न वर्षांनंतर पक्षाने त्याचे पिवळे फूल काढून घेतले आणि त्याला या कामावरून दूर केले. त्याने फक्त मला मागितले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यामुळे मी कोणालाच नको होते.

घरी त्याची मुलगी हेस्टर दारातच उभी होती. गावातले बोलणे तिच्या कानांवर आले होते.

"बाबा, खरं सांगा. दिलेत तुम्ही आकडे?"

"दिले."

"एवढंच?"

"एवढंच, पोरी."

तिने पुढे विचारले नाही. किटली विस्तवावर ठेवली आणि खोलीबाहेर गेली. त्यानंतर ती दर रविवारी यायची, जेवण करायची, भांडी घासायची. तो विषय तिने काढला नाही. मी कोळशाच्या खोलीत पडून होते. माझ्यावर कोळी जाळी विणत होते.

जानेवारीत अॅम्ब्रोज गेला. दुखणे मूत्राशयाचे होते, बरेच जुने. त्याने ते कोणालाच सांगितले नव्हते.

घर रिकामे करताना हेस्टरने मला अंगणात आणले, पुसले आणि उलटे केले. मी म्हटले, झाले, आता हीसुद्धा शोधते आहे! डाव्या पट्टीच्या फटीत तिला घडी केलेला एक कागद सापडला. तो पिवळा होता, चहा सांडून डागाळलेला. त्यावर त्याच मे महिन्यातल्या निवडणुकीची तारीख, "११.४० ते १२.१०, अॅम्ब्रोजसाठी, ल. हो." आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात चौदा आकडे.

तेव्हा मला ती दुपार आठवली. अॅम्ब्रोज उठून गेला होता. बाई माझ्यावर येऊन बसल्या, कारण इथून दार नीट दिसते. आकडे लिहिताना चहा सांडला. त्यांनी ते कोऱ्या कागदावर उतरवून काढले आणि भिजलेल्या कागदाची घडी करून माझ्या फटीत खोचली. "काय मेली ही करकर!" म्हणाल्या होत्या. पुरावा माझ्याच अंगात होता, मित्रांनो, आणि मी त्याच्यावर संशय घेत होते.

हेस्टर मला तशीच घेऊन होल्रॉइडबाईंच्या दारी गेली.

"तुम्ही का नाही बोललात?" तिने विचारले.

"त्यांना दर तासाला उठावं लागायचं गं. भर सभेत हे सांगायची लाज वाटायची त्यांना. मला शपथ घातली होती. आणि मी, हुजूर पक्षाची बाई, त्यांच्या बाजूने उभी राहिले असते, तर कुणी मानलं असतं?"

"मलाही नाही सांगितलं."

"तू विचारलंस का?"

"एकदाच," हेस्टर म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तो कागद तिने पक्षाच्या सभेत टेबलावर ठेवला. प्रेंटिसने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

१९९० सालच्या मे महिन्यात हेस्टरने पिवळे फूल लावून मला शाळेच्या दाराशी मांडले. दुपारी प्रेंटिस कागद न्यायला आला. त्याच्या देखतच ती उठली.

"होल्रॉइडबाई, मी जरा जाऊन येते. माझे आकडे टिपाल?"

"टिपते की. पण तुझी ही खुर्ची परत करकरायला लागली बघ."

प्रेंटिस क्षणभर घुटमळला. मग त्याने एक कोरा पिवळा कागद फाडला, त्याची बारीक घडी केली, गुडघा टेकला, मला पाचव्यांदा उलटे केले आणि ती घडी माझ्या डाव्या पट्टीच्या फटीत बसवली. या वेळी खाली कोणी काही शोधत नव्हते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा, फटी बुजवा. आणि जुन्या माणसांना काही विचारायचे असेल, तर एकदा विचारून थांबू नका. शेजारी बसा, आणि पुन्हा विचारा.