काळी बाजू

सर ऑगस्टिन गेल्याच्या सहाव्या दिवशी त्यांच्या विधवा पत्नी, लेडी हॉनर, स्वतःच ओबेड पेल रंगाऱ्याच्या कारखान्यात आल्या.

इंग्लंडातल्या नॉरफोकात बडा माणूस गेला की त्याच्या घराण्याची ढाल, शिरस्त्राण, सिंह असा सगळा थाट फळीवर रंगवून दारावर टांगत. त्या चित्राला म्हणत ‘कर्तृत्व’. सरांनी जन्मभर कोल्ह्यांमागे घोडा दामटला, पण ते काही फळीवर येत नाही. फळीची अर्धी बाजू नवऱ्याची, अर्धी बायकोची. नियम एकच. मेलेल्याच्या बाजूला चित्रामागे काळा रंग, मागे राहिलेल्या जोडीदाराच्या बाजूला पांढरा.

पेलनं अख्खी फळी काळी केली होती.

“अरे, मलाही पोचवलंस की!” बाई म्हणाल्या. “सकाळी दोन अंडी खाऊन आलेय मी.”

पेलनं फळीकडे पाहिलं. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

“चुकलं, बाईसाहेब. मंगळवारी बायको गेली, आमची कझाया. हात चालत राहिला, लक्ष नव्हतं.”

“तिची फळी केलीस?”

“आमच्यात कुठली फळी हो! जन्मभर माझे रंग घोटले तिनं. हा काळाही तिनंच घोटलेला.” त्यानं ब्रश उचलला. “थांबा, तुमची बाजू आत्ता पांढरी करतो.”

बाईंनी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

“तशीच टांग दारावर,” त्या म्हणाल्या. “लोक मला मेली समजेनात का. ती बाजू तुझ्या कझायाची.”